वज्री आणि राखीव साठा

४ फेब्रुवारी

चि. खडूस,

खूप खूप आशीर्वाद. पार्सल पोचलं. पोस्टमन तीन जिने चढून वर आला आणि धापा टाकत म्हणाला, "आजी, यात काय दगड भरलेत का?" मी म्हटलं, "हो, दगडच आहे, नातीने पाठवलाय." त्याला वाटलं मी चिडले. बिचारा पाणीसुद्धा न पिता गेला.

दगड फार गोड आहे गं. शेजारच्या शिंपीणबाईच्या दोऱ्याच्या रिळाएवढा, तसाच गोल, दोन्हीकडून सपाट. रंग म्हणशील तर दुधात चुकून चहा पडावा तसा. आणि अंगभर बारीक बारीक भोकं. वास मात्र स्टोव्हसारखा. तू त्याला पत्रात 'प्लग' म्हटलंयस. तुझ्या बापाने चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाला, "आई, याच्या पिना कुठायत?"

आणि गंमत ऐक. तू लिहिलंस, 'या दगडाची पोरॉसिटी फार चांगली आहे.' माझा चष्मा होता न्हाणीघरात. मी वाचलं, 'हा दगड पोरासाठी फार चांगला आहे.' म्हटलं, हिला पोर कधी झालं, आणि ते दगडाशी का खेळतंय! तुझ्या आईला हाका मारल्या, तिने नीट वाचून दाखवलं, मग दोघी पोट धरून हसलो. तर पोरॉसिटी म्हणजे दगडात पोकळ जागा किती, असंच ना? आणि त्या पोकळीत तेल. मी आपली समजत होते जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि तुम्ही वरून बादली सोडता. दगडच तेल पिऊन बसलेला असतो, हे मला या वयात कळलं.

तुला खडू नाव उगाच नाही पडलं. शाळेतून येताना फ्रॉकच्या खिशातून खडूचे तुकडे आणायचीस आणि पलंगाखाली बसून चाटायचीस. डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात चुना कमी आहे. आता तुला पगार देऊन चुनखडी बघायला ठेवलंय. आहे की नाही मजा!

बरं, मुद्द्याचं. तू म्हणतेस तुमच्या विहिरीत तीन थर आहेत. वरच्यात तेल आहे पण बेताचं, खालच्यात नुसतं पाणी, आणि सगळं अडलंय मधल्यावर. मधला चांगला निघाला तर तिथे कायमचा तळ होणार आणि तुला चार वर्षं तिथेच. वाईट निघाला तर तळ उठणार आणि तू इथल्या मोठ्या ऑफिसात, घरापासून एका बसवर. मग मी काय मागणार? सरळ सांगते. रोज सकाळी दात घासताना म्हणते, मधला थर वाईट निघू दे. राग मानू नकोस. म्हाताऱ्या माणसाला एवढं चालतं.

तिथे फोन लागत नाही ते एका अर्थी माझ्या पथ्यावरच पडलंय. लागत असता तर तू नुसतं 'हं, हं' केलं असतंस. पत्रात हं हं करता येत नाही.

दगड शोकेसमध्ये ठेवलाय, तुझ्या शाळेच्या कपाशेजारी. कुणी हात लावत नाही.

तुझी,
आजी


१३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

आधी भांडण. तू 'चि. खडूस' लिहितेस. तुझ्या मते ते 'खडूला' असं आहे. पण पत्र टेबलावर उघडं होतं आणि करवतवाले काका मागून डोकावले. (ते इथे दगड कापतात आणि मोजायचं यंत्रही तेच चालवतात.) आता अख्खा तळ मला खडूस म्हणतो. काल थोरल्या साहेबांनीही विचारलं, "काय खडूस मॅडम, आकडा कधी देताय?"

आणि आता बातमी. आकडा तयार आहे!

मधल्या थराचा दगड विहिरीतून वर येतानाच बराचसा चुरा झाला होता. त्यातून एकच प्लग धड निघाला. विहिरीत यंत्र सोडून आम्ही जी मोजणी करतो, तिच्यात पोकळी किती ते कळतं, पण पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, ते नाही कळत. त्यासाठी दगडच हातात लागतो. काकांनी तो यंत्रात घातला, एका तोंडाने हवा सोडली, आणि आजी, ती सरळ दुसऱ्या तोंडाने बाहेर! पोकळी भरपूर, आणि सगळीकडे वाटा. मी खुर्चीवर उभी राहिले. काका म्हणाले, "उतरा, खुर्ची सरकारी नाही, पण मोडेल."

तू विचारशील, मग तेल किती? सांगते. थर किती पसरलाय, किती जाड आहे, त्यात पोकळी किती, त्या पोकळीत तेल किती आणि पाणी किती, हे सगळं गुणलं की येतं ते 'आहे ते'. पण जमिनीतलं सगळं तेल कधीच वर येत नाही. चुनखडीतून तिसरा हिस्सा आला तरी आम्ही खूष. ते 'मिळेल ते'. त्यालाच राखीव साठा म्हणतात. साहेबांना 'आहे ते' सांगायला गेलं की ते हात हलवतात. "मिळेल ते बोला."

तर मिळेल ते खूप आहे. मार्चअखेर मोठी बैठक आहे, तिथे आकडा जाईल. मग तळ कायमचा, आणि मधल्या थराचं सगळं काम माझ्याकडे. चार वर्षं, आजी. तू रुसशील हे माहीत आहे. पण मला हा दगड फार आवडलाय.

तुझी,
खडू (खडूस नव्हे)


२२ फेब्रुवारी

चि. खडूस,

सवय आहे ती, लगेच कशी जाईल! 

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा जाऊन नळ सोडला, आणि घासलेलीच दोन भांडी परत घासली. तुझी आई म्हणाली, "आई, ती स्वच्छ आहेत." म्हटलं, "असू देत."

मग परत वाचलं. तुझ्या वेलांट्या बघितल्यास का? सगळ्या हवेत उडतायत. दहावीचा निकाल लागला तेव्हा मामाला कार्ड लिहिलं होतंस, त्यात अशाच होत्या. एवढी आनंदलेली पोर, आणि मी दात घासता घासता तिच्या दगडाचं वाईट चिंततेय. ती मागणी आजपासून बंद. होऊ दे चार वर्षं. तोवर मी कुठे जात नाही. जिने उतरवत नाहीत, जाणार कुठे!

राखीव म्हणजे मला आपली बसमधली बायकांची सीट माहीत. तिथेही लिहिलेलं असतं राखीव, आणि जाऊन बघावं तर कुणीतरी पेपर पसरून बसलेला. म्हणजे तुमच्यातही तसंच. आहे म्हणतात ते वेगळं आणि आपल्या वाट्याला येतं ते वेगळं. हे मला चटकन समजलं बघ.

आता एक सांगू? ओरडायचं नाही. दगड शोकेसमध्ये आठवडाभरच होता. झालं काय, माझी टाचा घासायची वज्री बादलीवर आपटून फुटली. पाय तर भिजवलेले. अशी भिजल्या पायांनी नवीन वज्री आणायला कुठे जाऊ? तेवढ्यात शोकेसकडे नजर गेली. काय सांगू तुला! असा दगड मी जन्मात पाहिला नाही. ना टोचत, ना घसरत. आठ दिवसांत टाचा लोण्यासारख्या. स्टोव्हचा वासही साबणाने गेला. शिंपीणबाई बघतच राहिली. "आजी, काय लावलंत?" मी म्हटलं, "तेल कंपनीचं आहे, बाजारात मिळत नाही." ती अजून विचार करतेय.

आणि तू त्यावर काळ्या शाईने 'म' काढलायस आणि डोक्यावर बाण, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म म्हणजे म्हातारी. आणि बाण म्हणजे ही बाजू वर, म्हातारीला उलटी धरू नका. इतक्या कामात तुला असं सुचतं, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बाण आता घासून गेला, पण म अर्धा आहे. त्या बाजूने मी घासत नाही.

तुझी,
आजी


२ मार्च

आजी,

टाचा घासणं ताबडतोब थांबव.

म म्हातारीचा नाही. मधल्याचा आहे.

हे पत्र घाईत लिहितेय, सामान घेऊन आलेली गाडी परत निघालीय, ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवतोय. ऐक. तुझ्यासाठी मी वरच्या थरातला एक जादाचा प्लग घेतला होता, साहेबांना विचारून. तो टाकूनच द्यायचा होता, त्यावर खूण नव्हती. आणि मधल्या थराचा तो एकुलता एक धड प्लग, त्यावर मी स्वतः म लिहिला होता. दोन्ही एकाच चंदेरी कागदात गुंडाळून शेजारी शेजारी ठेवले. तुझ्या पार्सलमध्ये गेला मधला. मधल्याच्या डबीत गेला वरचा. म्हणजे काकांनी मोजला तो वरचा दगड, आणि आकडे चढले मधल्याच्या नावावर. ज्या आकड्यासाठी मी खुर्चीवर चढले होते, तो या थराचा नाहीच.

साहेबांना आज संध्याकाळी सांगणार आहे. 

बैठक ३१ तारखेला आहे. दगड आला तर खरा मोजू. हरवला किंवा फुटला असेल तर न मोजलेला थर मोजला म्हणून लिहिता येणार नाही. तो हिशेबातून काढावा लागेल, आणि एकट्या वरच्या थरावर तळ चालत नाही. तळ उठेल.

साबणाची काळजी करू नकोस. आम्ही प्रत्येक दगड मोजण्याआधी धुऊन भट्टीत वाळवतोच. फक्त पाठव. जसा आहे तसा.

खडू


१० मार्च

चि. खडूला, (बघ, सुधारले)

तुझं पत्र आलं तेव्हा दगड घरात नव्हता! थांब, आधी बसून घे, मग पुढे वाच.

शिंपीणबाईने परवा मागून नेला होता. टाचांसाठी नाही गं. कापताना कापड सरकतं, त्यावर ठेवायला वजन म्हणून. मी तशीच अनवाणी धावले. ती म्हणाली, "अहो, आत्ता तर इथे होता." संपलं! 'आत्ता तर इथे होता' म्हटलेली वस्तू मिळाल्याचं मला आठवत नाही. चिंध्यांचा ढीग उपसला. मशीन सरकवलं. बटणांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. ती म्हणे, "एवढं काय त्या दगडात?" मी म्हटलं, "तेल!" तिला वाटलं माझं डोकं फिरलं. शेवटी मिळाला कुठे, तर एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात. खिसा लोंबतो का ते बघायला तिनेच घातला होता आणि विसरली. तो माणूस तासाभरात कोट न्यायला येणार होता! माझा जीव भांड्यात पडला.

दगड मुठीत घट्ट धरून घरी निघाले आणि दाराशीच पाय थबकले. कारण तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तू काय लिहिलं होतंस? हरवला तर तळ उठेल. आणि हरवलाच होता की घटकाभर!

तुझ्या बापाने पत्र वाचलं होतं. पेपरच्या आडून म्हणतो, "आई, पोस्टात वस्तू गहाळ होतात. कुणी विचारायला येत नाही." तुझी आई उठली आणि तुझ्या खोलीतली उशी उन्हात टाकून आली. खरं सांगते, मीही जेवण झालं तरी दगड मांडीवर घेऊन बसले होते. मनात म्हटलं, मी काही फेकत नाहीये. नुसता पाठवायचा राहून जाईल. माणसाचं काय काय राहून जातं.

मग म्हटलं, पाहू तरी हा आहे कसा. भिंग घेऊन खिडकीत गेले. इतके दिवस पायाला लावला, डोळ्याला कधी लावलाच नव्हता. अगं, एकेक भोक निराळं! एक नखाएवढं अर्धगोल, एक कानासारखं, एकाच्या आत तर घागऱ्याच्या कळ्यांसारख्या रेघा. आणि त्यांच्यामध्ये तुझा तो अर्धा म. गाठ न मारताच पुढे ओढलेला. पहिलीत असताना तू असाच काढायचीस, आणि बाई वहीत लाल गोल करायच्या. इतकी शिकलीस पण ती गाठ काही मारली नाहीस.

मग मला हसूच आलं. हा म तू तुझ्या कामासाठी लिहिलेला. मी तो माझा म्हणून घेतला, पायाखाली घेतला, आणि आता दाबून ठेवू? तुझ्या बापाला म्हटलं, "तू तुझा पेपर वाच." तुझ्या आजोबांच्या लोकरी मोज्यात घातला, मोजा डब्यात, डबा कापडात, आणि कापड शिंपीणबाईने मशीनवर चारी बाजूंनी शिवून दिलं. फुकट. तिचाच हात धरून तिन्ही जिने उतरले आणि रजिस्टर केला. पोस्टातला कारकून म्हणाला, "आजी, आत काय लिहू?" म्हटलं, "लिही, नातीचं काम."

साहेब फार बोलले का गं? बोलले असतील तर मला पत्ता दे. मी लिहिते त्यांना.

तुझी,
आजी

ता. क. मोजा परत पाठव. एका पायाचा उरलाय.


२५ मार्च

प्रिय आजी,

डबा मिळाला. कापड उसवायला काकांना अर्धा तास लागला. म्हणाले, "विहिरीचं तोंड असं शिवलं असतं तर गळतीच झाली नसती."

साहेबांना सांगितलं त्या संध्याकाळी ते ओरडले नाहीत. नुसता आकड्याचा कागद परत माझ्या हातात दिला. तेच जास्त लागलं. मग म्हणाले, "दगड येईपर्यंत कुणाशी आकडा बोलू नका."

दगड धुतला, वाळवला, मोजला. पोकळी खरोखरच भरपूर आहे, वरच्या थराहून जास्त. पण एका तोंडाने हवा सोडली तर दुसऱ्या तोंडाशी जवळजवळ काहीच आलं नाही. मग त्याचा कागदासारखा पातळ काप केला आणि पोकळ्यांत निळा रंग भरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. फोटो सोबत आहे. तुला भिंगातून दिसला तो अर्धगोल, तो कान, त्या रेघा, ते सगळे शिंपले होते. लाखो वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गाडले गेले, मग ते स्वतः विरघळून गेले आणि त्यांच्या आकाराच्या रिकाम्या खोल्या राहिल्या. खोल्याच खोल्या, आजी. दारं नाहीत.

म्हणजे 'आहे ते' तेवढंच राहिलं. 'मिळेल ते' उतरलं. मधल्या थरातून म्हणण्यासारखं काहीच निघणार नाही. एकूण आकडा अर्ध्याच्याही खाली गेला. मी तोच लिहून दिला.

आता तळ उठणारच. मेच्या सुरुवातीला मी घरी येईन. मोठ्या ऑफिसात जागा आहे. तू म्हणायचीस तशी, एका बसवर.

मी बरी आहे. मोजा पाठवतेय.

खडू


१ एप्रिल

चि. खडूला,

आजच्या तारखेला गंमत करतेय असं समजू नकोस, सगळं खरंच लिहितेय.

तू घरी येणार. मी दात घासताना मागत होते तेच झालं. तुझ्या बापाने जिन्यात शिट्टी वाजवली, या वयात! शिंपीणबाईने तुझ्या खोलीला पडदे शिवायला घेतलेत. आणि मी? पत्र तीनदा वाचलं. या वेळी वेलांट्या सगळ्या जमिनीवर. 'मी बरी आहे' हे वाक्य तर असं लिहिलंयस जसं कुणी उभं राहून लिहून घेतलंय.

म्हणून दोन गोष्टी विचारते. नीट उत्तर दे.

पहिली. दारं नाहीत म्हणतेस. मग तेल आत गेलं कुठून? जे आत जाऊ शकतं ते बाहेर येऊ शकतं की नाही? का मी दारं बुजवली? मी रोज साबण लावून घासत होते खडू. टाचांची पूड, साबणाचा फेस, वर लावायचं तेल, सगळं त्या भोकांत गेलं असणार. तू म्हणालीस धुतो, पण तुमच्या धुण्याने माझा साबण निघाला कशावरून? तुझी आई सांगेल, मी चोळून चोळून लावते. चांगला धडधाकट दगड म्हातारीने पायाखाली घालून खराब केला असेल, तर साहेबांना तसं सांग. माझं नाव घे. मला चालेल.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातेय. मी पहिल्याच पत्रात लिहून बसले की दगड वाईट निघू दे. त्यानंतर तुझ्या हातात पेन आणि आकडा. तू लहानपणापासून अशीच. मला गोड नको म्हटलं की तू पण खायची नाहीस. खरं सांग. माझ्यासाठी तर दगडाला वाईट म्हटलं नाहीस ना? तसं असेल तर अजून खोड आणि खरा आकडा लिही. मला अशी नात नको घरात. म्हणजे नात हवी आहे. पण अशी नको.

काय लिहितेय, माझं मलाच कळेना झालंय. पण तुला कळेल.

परत मोजा त्याला. फार चांगला दगड होता गं तो. मी वापरलाय, मला माहीत आहे.

तुझी,
आजी


९ एप्रिल

माझी आजी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग काकांना वाचून दाखवलं, तर ते नाक शिंकरायला बाहेर गेले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. साबणाने काही झालं नाही. मला स्वतःलाच खात्री हवी होती, म्हणून मोजण्याआधी काकांनी प्लग आडवा कापला होता आणि आतला तुकडा मोजला. तिथवर तुझा साबण पोचणंच शक्य नव्हतं, कारण पोचायला वाटच नाही! शिवाय थराचा जो चुरा आला होता त्यातल्याही तुकड्यांचे काप पाहिले. सगळीकडे तशाच बंद खोल्या. आता तेल आत कसं गेलं? तुझा हा प्रश्न परीक्षेत विचारतात. अगदीच दारं नाहीत असं नाही. केसाहून बारीक फटी आहेत. तेलाला आत शिरायला लाखो वर्षं होती, ते निवांत झिरपत गेलं. आम्हाला ते वीस वर्षांत बाहेर हवं असतं. तेवढ्या घाईत ते येत नाही.

दुसरा प्रश्न. नाही, आजी. शपथ घेत नाही, तुला शपथा आवडत नाहीत. पण उलटंच होतं. दगड यंत्रात होता तेव्हा मी मनात म्हणत होते, चांगला निघ, चांगला निघ. तू घरी वाट बघतेस हे माहीत असूनही म्हणत होते. आकडा उतरला तेव्हा काका पाणी घेऊन आले. मला तो दगड खरंच आवडला होता. 'मी बरी आहे' लिहिताना कुणी उभं नव्हतं, मीच माझ्या मागे उभी होते.

बैठक झाली. मी सगळं सांगितलं, अदलाबदलीसुद्धा. वज्रीसुद्धा. टेबलाभोवतीचे लोक इतके हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. थोरले साहेब म्हणाले, "हा दगड आला नसता तर आपण थर नुसता गाळला असता. आणि दोन वर्षांनी कुणीतरी, तिथे बघायचं राहिलं, म्हणून आणखी एक विहीर पाडली असती. आजींच्या टाचांनी आपली एक विहीर वाचवली." त्यांनी उरलेला अर्धा तुकडा तुला द्यायला सांगितलाय. आता तो कामाचा नाही. त्यावर अर्धा म आहे.

साहेबांचा आणखी एका ठिकाणी तळ सुरू होतोय, पांढऱ्या दगडाचा. मला विचारलं, मी नको म्हटलं.

तुझ्या डोळ्यांचं काय झालं? नवीन चष्मा केलास का? थेंब घालतेस ना वेळेवर? डॉक्टरांनी परत कधी बोलावलंय? खोलीला कोणत्या रंगाचे पडदे? मी १ मेला निघतेय.

तुझी,
खडू


१७ एप्रिल

चि. खडूस,

या वेळी मुद्दाम लिहिलंय. कारण तू आहेसच खडूस. आजीपासून लपवतेस!

'पांढऱ्या दगडाचा तळ, मला विचारलं, मी नको म्हटलं.' एवढी एक ओळ. आणि पुढे माझ्या डोळ्यांच्या चार चौकशा. डोळे ठीक आहेत माझे, म्हणून तर ती ओळ दिसली! पांढरा दगड म्हणजे खडूच ना? तुझ्या बापाला विचारलं, त्याने कुठूनसं शोधून सांगितलं, हो, खडूसुद्धा चुनखडीच असते, बारीक शिंपल्यांची. म्हणजे जी पोर पलंगाखाली बसून खडू चाटायची, तिला आता मैलभर पसरलेला खडू कुणी देऊ करतंय, आणि ती नको म्हणते! का, तर घरी म्हातारी आहे.

ऐक माझं. मी आता तुमचा हिशेब शिकलेय. तू माझी किती आहेस? सगळी. पोकळ्या, भिंती, सगळं धरून. ते झालं आहे ते. आणि मिळशील किती? सुटीत चार दिवस, महिन्याला दोन पत्रं, एखादं पार्सल. ते मिळेल ते. राखीव. तूच सांगितलंस ना, तिसरा हिस्सा आला तरी लोक नाचतात? मग मी नाचते. पाय आता चांगले आहेत माझे.

साहेबांना उद्याच हो म्हणून कळव. मात्र आधी घरी यायचं. पडदे पिवळे आहेत, शिंपीणबाई रोज विचारते, ती आली की आधी मला दाखवा. येऊन भरपूर झोप. मग जा. तुझ्या बापाचं तोंड आठवडाभर वाकडं राहील, ते मी बघते. तुझ्या आईने काल न सांगता तुझी मोठी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. तिनेही ती ओळ वाचली होती.

अर्धा दगड येताना घेऊन ये. शोकेसमध्ये ठेवीन. खरंच ठेवीन, या वेळी नवीन वज्री आणलीय. पण ती टोचते.

म्हणून त्या पांढऱ्या दगडाचा एखादा तुकडा टाकून द्यायचा असेल, तर पाठव. आधी नीट बघून घे. आणि त्यावर ख लिहून पाठवलास तर मी त्याचा अर्थ लावत बसणार नाही. ख म्हणजे खालचा, का खडू, का खडूस, ते तूच कळव. कळेपर्यंत मी टाचेला लावत नाही.

तुझी,
आजी

ता. क. एका पायाला तरी लावून बघेन म्हणते.